मशीनच्या गळ्यातला हार

मानेवाड्याच्या मार्तंडराव घाट्यांचं पहिलं लग्न प्रेमलताबाईंशी झालं आणि दुसरं, रिटायर झाल्यावर, धार लावायच्या मशीनशी. असं शेजारच्या सिंधूताई म्हणतात, आणि सिंधूताई म्हणतात म्हणजे निम्मं तरी खरं असतंच.

दोन बाजूंना दोन दगडी चाकं असलेली ती मशीन मागच्या पत्र्याच्या खोलीत बसली, त्याच दिवशी बाईंनी अट घातली. "रक्ताचा एक थेंब दिसला, की ही भंगारात." बाई बोलल्या म्हणजे बोलल्या. मार्तंडरावांची हार्मोनियम अशीच एका बेसूर संध्याकाळनंतर भाच्याकडे गेली होती.

मार्तंडरावांनी धसकाच घेतला. गॉगलशिवाय खोलीत पाऊल नाही. बाह्या कोपराच्या वर. हातमोजे नाहीत, कारण चाक मोज्यासकट हात ओढतं. बटण दाबताना चाकासमोर उभं राहायचं नाही. दगड फुटलाच तर समोरच्याचं थोबाड जातं. या नादात गृहस्थ कपाळावर गॉगल ठेवून एका बारशाला गेले आणि फोटोतही तसेच आले!

खंडेनवमीला बाईंनी मशीनची पूजा केली. चाकावर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचा घसघशीत हार. दुसऱ्या दिवशी सकाळीच नरखेडहून जुने दोस्त रुपराव आले, संत्र्याच्या छाटणीची बोथट कात्री घेऊन.

"लावा धार पटकन. मले दुपारच्या एसटीनं वापस जायचं हाये."

"आधी तो दुपट्टा काढा गळ्यातला."

"काहून जी? मी का नाचून राहिलो?"

"लोंबतं ते चाकात जातं. काढा. ती गळ्यातली माळपण."

"आता धोतरबी सोडू का?" रुपराव म्हणाले, पण सगळं उतरवलं. मार्तंडरावांनी स्वतःच्या जानव्याची गाठ बनियनच्या आत कोंबली, दोघांनी गॉगल लावले, मग मार्तंडरावांनी रुपरावांना दंडाला धरून बाजूला उभं केलं आणि ऐटीत बटण दाबलं.

दोघांचे गळे मोकळे होते. मशीनचा नव्हता.

घर्रर्र! हार चाकानं गिळला आणि झेंडूची अशी काही आतषबाजी झाली म्हणता! पाकळ्या पत्र्यावर, पाकळ्या रुपरावांच्या मिशीत. हाराचा दोरा ओढायला रुपराव पुढे झाले, तोच मार्तंडराव किंचाळले, "हात नका लावू! थांबली नाही अजून!" बटण बंद, प्लग बाहेर, आणि चाक मुकाट होईपर्यंत दोघं पुतळ्यासारखे उभे.

आवाज ऐकून बाई धावत आल्या. रुपरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लालभडक शिंतोडे!

"रक्त! गेली मशीन भंगारात!"

मार्तंडरावांचा चेहरा पार उतरला. रुपरावांनी शिंतोड्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"वहिनी, तुमचंच कुंकू होय हे."

बाई क्षणभर रागावण्याच्या तयारीत होत्या. पण झेंडू लावलेली ती मिशी पाहिली आणि भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदर कमरेला खोचून त्यांनी चौकशी मांडली.

"भाऊजींना हात घालू दिला नाहीत ना?"

"नाही."

"आणि समोर कोणी नव्हतं?"

"कोणीच नाही."

"मग राहू द्या. पण पूजा उतरवल्याशिवाय बटणाला हात लावलात, तर मशीनआधी तुम्ही जाल!"

मार्तंडरावांनी दोरा कापून काढला, चाकावर लाकडी दांड्यानं हलकेच वाजवून पाहिलं. खण्ण! म्हणजे तडा नाही. तरी आणखी थोडा वेळ रिकामीच फिरवून पाहिली. ते कात्री उचलणार, तेवढ्यात बाईंनी त्यांच्या डोळ्यांवरचा गॉगल काढून स्वतःच्या डोळ्यांवर चढवला, वेणीचा अंबाडा घातला आणि स्वयंपाकघरातली सुरी चाकाला टेकवली. ठिणग्या उडाल्या तशी बाईंची कळी खुलली. पातं तापलं की पाण्यात बुडवायचं, हे सांगावंही लागलं नाही. सुरी झाली, मग दुसरी झाली, मग अडकित्ता निघाला. कुंपणापलीकडून सिंधूताईंनी आपला कोयता पुढे केला.

"वहिनी, माही कात्री कवा?" रुपराव काकुळतीला आले.

"लायनीत या, भाऊजी. आणि आधी बाजूला व्हा, समोर उभे राहू नका!"