ब्रेक इन्स्पेक्टरच्या घरची कॉफी

ते प्रकरण मी विसरलेले नाही आणि विसरेन असे वाटतही नाही. खून, दरोडे बरेच पाहिले. पण अंगावर काटा आला तो चामराजपेटेतल्या एका नीटनेटक्या घरात, सकाळी, कॉफी पिताना.

व्हाइटफील्डजवळ शाळेच्या व्हॅनचा टायर फुटला आणि व्हॅन दुभाजकावर आदळली. मुले जखमी झाली. पहिलीतली एक मुलगी अतिदक्षता विभागात होती. तपास माझ्याकडे आला. पंचनाम्यात दिसले की टायर पार गुळगुळीत झाले होते. आणि त्याच आठवड्यात परिवहन खात्याने व्हॅनला 'रस्त्यावर चालण्यास योग्य' असा दाखला दिला होता.

दाखल्यावर सही होती एका ज्येष्ठ अधिकाऱ्याची. आमच्याकडे गाड्या तपासणाऱ्याला लोक ब्रेक इन्स्पेक्टर म्हणतात. हे गृहस्थ तिथूनच वर चढलेले. पैसे खात नाहीत अशी त्यांची ख्याती; एजंट त्यांच्या दारात उभे राहत नसत. पुढच्याच महिन्यात त्यांची बढती होणार होती.

आमचा हवालदार निपाणीकडचा, माझ्यासारखाच. तो म्हणाला, "मॅडम, ब्रेक इन्स्पेक्टर आणि पैसे खात नाही? मग खातो काय, नुसती इडली?"

आम्ही पैसेच शोधले. बँक खाती, घर, नातेवाइकांचे व्यवहार. काही सापडले नाही. व्हॅनचा चालक कोठडीत होता. तो रडत एकच सांगे, "साहेबांनी गाडीला हात लावला, इंजिन ऐकलं, सही केली. टायर बदलायला सांगितलं असतं तर मालकानं बदलले असते, अक्का." त्याच्यावर माझा विश्वास बसला नाही. कोठडीतला माणूस दुसऱ्यावर ढकलतोच.

मग ठाण्यात फोन आला. कन्नड बोलणारी बाई. नाव सांगितले नाही. "पैसे शोधू नका. साहेबांना घरी जाऊन भेटा, ऑफिसात नको," एवढे बोलून तिने फोन ठेवला. क्रमांक चामराजपेटेतल्या एका औषधाच्या दुकानाचा निघाला. दुकानदार म्हणाला, "गिऱ्हाईक फोन मागतात, देतो. कोणकोण लक्षात ठेवू?"

दुसऱ्या दिवशी मी हवालदाराला घेऊन त्यांच्या घरी गेले. ते खुर्चीत ताठ बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. मी ओळख सांगितली, तशी माझ्या आवाजाच्या दिशेने सरळ पाहून म्हणाले, "या मॅडम. माझ्या नोकरीत एक रुपया घेतला असं दाखवा, आत्ता चपला घालून तुमच्याबरोबर येतो."

"पैशाचं विचारायला आले नाही. व्हॅन तुम्ही स्वतः तपासली?"

"प्रत्येक गाडी मी स्वतः तपासतो."

त्यांची बायको कॉफी घेऊन आली. पन्नाशीची, शांत बाई. घरात मराठी, पण दोन-तीन पिढ्या इथल्याच. "स्वल्प घ्या, अक्का," म्हणत तिने माझा स्टीलचा पेला त्याच्याखालच्या खोलगट वाटीत खणकन ठेवला. नवऱ्याचा अलगद टेबलावर ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"घ्या ना, मॅडम, गार होईल," ते म्हणाले. स्वतः मात्र घेईनात. जरा वेळाने त्यांचा हात टेबलावर सरकू लागला. पेला हातभर अंतरावर होता. बोटे टेबलाच्या कडेवरून फिरली, वर्तमानपत्राला लागली, मागे आली. चेहऱ्यावर तेच हसू.

मी फाइलमधून फुटलेल्या टायरचा फोटो काढला आणि उलटा करून, कोरी बाजू वर ठेवून, त्यांच्या हातात दिला.

"हा टायर तुम्हाला योग्य वाटला?"

त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला. नीट, जाणकारासारखा. म्हणाले, "फुटल्यावर कुठलाही टायर असाच दिसतो. आधी ठीकच असणार."

हवालदाराच्या हातातला पेला तसाच राहिला. हा माणूस गाड्या तपासत होता. हा माणूस लोकांना गाडी चालवण्याचे परवाने देत होता.

"साहेब," मी म्हटले, "तुमच्या हातात कोरा कागद आहे."

ते कागद मांडीवर ठेवून म्हणाले, "उजेड कळतो. माणूस उभा आहे हे कळतं. बाकी गेलं."

त्या दिवशी आम्ही जबाब नोंदवला. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, काही वर्षांपासून वाढत गेलेला. ऑफिसातल्या शिपायाला त्यांनी मोतीबिंदू सांगितला होता. तो कागद पुढे सरकवून सहीच्या जागी बोट ठेवायचा. ब्रेकचा आवाज, इंजिनाची थरथर यांवर बाकीचे निभत होते. टायर मात्र आवाज करत नाही. "बढती झाली की टेबलावरचं काम," ते म्हणाले. "एवढंच निभवायचं होतं. आयुष्यभर हात स्वच्छ ठेवले हो मी."

"आणि ती मुलगी?" मी विचारले.

वैद्यकीय तपासणी झाली, निलंबन झाले, दोषारोपपत्रात व्हॅनमालकाबरोबर त्यांचेही नाव गेले. चालकाला जामीन मिळाला. मुलगी वाचली, पण पायात सळी घेऊन.

त्याआधी जबाबावर सही घ्यायला मी पुन्हा त्या घरी गेले होते. बायकोने कॉफी आणली. या वेळी तिने नवऱ्याचा पेला वाटीवर खणकन आपटला. त्यांचा हात सरळ गेला आणि पेला उचलून ओठाला लावला. एक थेंब सांडला नाही.

मी तिच्याकडे पाहिले. ती माझ्यामागोमाग दारापर्यंत आली.

"रोज असाच आवाज करते, अक्का," ती हळू म्हणाली. "त्या दिवशी केला नाही."

"आणि तो फोन?"

"थांबा म्हणून किती सांगितलं त्यांना. टीव्हीवर त्या पोरीची आई पाहिली, मग राहवलं नाही." तिने आत एकदा वळून पाहिले. "त्यांना सांगू नका. माझ्या हातचंच खातात ते."

मी सांगितले नाही. त्या फोनचा उपयोग पुराव्यासाठी नव्हता, म्हणून कागदावरही आणला नाही.

या प्रकरणाने मला एक धडा दिला. लाच घेत नाही म्हणून माणूस प्रामाणिक, असे मी धरून चालत असे. तेही स्वतःबद्दल तेच धरून चालले होते. नंतर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, चष्मा लागला, कार चालवणे सोडले. घरात कुरकुर झाली. मी म्हटले, रिक्षा आहे, मेट्रो आहे, चालेल. कुणाच्या घरी कॉफी आली की मात्र मी अजून पेला ठेवल्याचा आवाज ऐकते.