माझ्या मापाचं जॅकेट

माझं माहेर फोंडाघाटचं. समुद्राची ओळख झाली ती लग्न होऊन मालवणात आल्यावर, आणि पोहायला मी कधी शिकलेच नाही. ह्यांनी निवृत्तीनंतर छोटी शिडाची होडी घेतली, तेव्हा तपासणीला मलाही धक्क्यावर नेलं.

बंदर कचेरीतल्या अधिकारी बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी होडीतलं सगळं सामान बाहेर काढायला लावलं. नांगर, दोर, पाणी उपसायचा डबा, टॉर्च, बुडणाऱ्याकडे फेकायची रिंग, सगळं होतं. मग दोन लाइफ जॅकेटं निघाली. त्यातलं एक त्यांनी मला घातलं, पट्टे आवळले, हात वर करायला सांगितले आणि खांद्यांपाशी धरून वर ओढलं. जॅकेट माझ्या कानांपर्यंत आलं.

"हे यांच्या मापाचं नाही. पाण्यात निघून जाईल," त्या म्हणाल्या.

हे पट्टीचे पोहणारे, ह्यांना राग आला. "माका पवाक येता. हिका मी धरतलंय."

बाईंनी वाद घातला नाही, फक्त सही केली नाही. ह्यांना कुरकुरत लहान मापाचं जॅकेट आणावं लागलं. दुसऱ्या खेपेला बाईंनी त्याला शिटी बांधली आणि मला ती तिथेच वाजवायला लावली. मी लाजत फुंकली. अजून जोरात, म्हणाल्या. धक्क्यावरची माणसं माना वळवून बघू लागली.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी परतताना वारा अचानक फिरला. शीड गर्रकन दुसऱ्या बाजूला गेलं, त्याची खालची काठी ह्यांच्या खांद्यावर आदळली आणि होडी उलटली. मी वर आले तेव्हा हे पालथ्या होडीला एका हाताने धरून होते. दुसरा हात उचलतच नव्हता. मी चार-पाच हात लांब, आणि लाटा मला आणखी लांब नेत होत्या. पण जॅकेट जागचं हललं नव्हतं, हनुवटी पाण्याबाहेर होती. हाका मारून घसा बसला तशी मी शिटी तोंडात धरली आणि फुंकत राहिले.

मासेमारीहून परतणारी एक होडी आमच्याकडे वळली. तिच्यावरच्या म्हाताऱ्याने आधी मला वर घेतलं, मग ह्यांना. माझ्या अंगावर गोणपाट टाकत तो म्हणाला, "शिटी आयकाक इली बाय, नायतर ह्या लाटांत दिसतला कोण?"

तेव्हा मला नुसतं रडू येत होतं. नंतर त्याच्या घरी जाऊन आम्ही दोघं त्याच्या पाया पडलो. तो इतका संकोचला की चहाचं निमित्त करून आत निघून गेला.

मग कचेरीत गेलो. उभ्या संसारात ह्यांनी कधी आपली चूक कबूल केली नव्हती. गळ्यात अडकवलेला हात सावरत ते म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर होतं."

बाईंनी खांद्याची चौकशी केली. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी विचारलं, आता पोहायला कधी शिकणार?

गेल्या आठवड्यापासून शिकते आहे. शेजारची सून शिकवते. अजून पाय वाळूवरून सुटत नाहीत.