पाडव्याचा प्रश्न

माझे बाबा उमरेडजवळच्या एका गावात वर्षानुवर्षे सालदार होते. सालदार म्हणजे वर्षभर एकाच शेतमालकाकडे राबणारा गडी. गुढीपाडव्याला त्याचं वर्ष संपतं. त्या दिवशी मालक विचारतो, "राहतं का जातं?" गडी राहतो, नाहीतर शेजारच्याकडे जातो. कोणी कोणावर रुसत नाही, निदान तोंडावर तरी.

हे सगळं मला इतकं ओळखीचं होतं की त्यावर विचार करावा असं कधी वाटलंच नाही. दादाचं परदेशात सफरचंद तोडायला जायचं घाटू लागलं, तेव्हा तो करावा लागला.

गावातला एक जण काही वर्षांपूर्वी असाच गेला होता. मालकाशी जमलं नाही आणि तो हंगाम अर्धवट टाकून परत आला. दुसऱ्या मळ्यात का गेला नाही, हे बाबांना कळेना. मी नागपूरला राज्यशास्त्र शिकते. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. मी वाचून सांगितलं की हंगामी व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असतो. मळा सोडला की देशही सोडायचा.

"म्हणजे तिथं पाडवाच नाही?" बाबा म्हणाले.

मुलाखत नागपूरच्या महाल भागातल्या एका एजंटच्या ऑफिसात होती, व्हिडिओ कॉलवर. दादा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसला होता. मी दुभाषी. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं आहे, बोलताना मात्र अडखळतं. बाबा नुसते सोबत आले होते.

पडद्यावर मळ्याची मालकीण होती, उन्हानं लाल झालेली, डोक्यावर टोपी. दादानं छान उत्तरं दिली. संत्र्याच्या बगिच्यात शिडीवर काम केलंय, उंचीची भीती नाही, थंडी चालेल. शेवटी तिनं विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? दादा "नाही" म्हणणार, तेवढ्यात बाबांनी खुर्ची पुढे ओढली. सालदार ठरवताना बैठकीत गड्याचा बाप मालकाला दोन गोष्टी विचारतोच. बाबांच्या दृष्टीनं ही तीच बैठक होती.

"विचार न वं तिले, जेवाले काय देते? अन् पटलं नाही तर पोरगा बाजूच्या मळ्यात जाऊ शकते का?"

"बाबा, चूप राहा ना! हातात आलेलं काम घालवून राहिले तुम्ही," दादा दातओठ खात पुटपुटला. एजंटनं कपाळाला हात लावला.

विचारलं तर दादाचं काम जाईल. नाही विचारलं तर तो पाडव्याशिवायच जाईल. मी बाबांकडे पाहिलं आणि अडखळत विचारून टाकलं.

मालकीण खळखळून हसली. म्हणाली, आमच्याकडे नियम नुकताच बदललाय. आता कामगाराला त्याच व्हिसावर दुसऱ्या मळ्यात जाता येतं. मला स्वतःला तो नियम मुळीच आवडला नव्हता. पहिल्याच हंगामात माझी दोन माणसं शेजाऱ्याकडे गेली. मग मी चांगला स्वयंपाकी ठेवला आणि खोल्यांत हीटर बसवले.

मी मराठीत सांगितल्यावर बाबा खूश झाले. "बाई बरी आहे. माणसं गेल्यावर का होईना, सुधरली." मग घाईनं, "हे नको सांगू बरं तिले."

बैठक जमली की चहा होतो. बाबांनी आपला कप कॅमेऱ्यासमोर उंच धरला. तिला काय कळलं कोण जाणे, तिनंही आपला मग उचलला. दादाचं नक्की झालं.

पाडव्याच्या दिवशी आम्ही त्याला तिकडे मळ्यावर कॉल लावला. बाबांनी घसा खाकरून विचारलं, "बोल गा, राहतं का जातं?"

"राहतो बाबा. पण बाजूच्या मळ्यात पोळ्या भेटतात म्हणे."

मागून मालकिणीनं विचारलं, काय चाललंय? दादानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

पुढच्या कॉलला त्यानं आधी ताट दाखवलं. पोळी होती. जाड, एका बाजूनं करपलेली, पण पोळीच.