चोरकप्प्यातला हळदीचा पंजा

मी चार यत्ता शिकलेला माणूस. पण लोखंडी कपाट असं करायचो की दार लागलं की नुसता 'टप्' आवाज यायचा. द्वारका चौकाजवळ माझी शेड होती. ऐंशी सालानंतर पंचवटीतल्या एका व्यापाऱ्याला मी कपाट करून दिलं. आत चोरकप्पा. तो कसा उघडतो हे शेठ, शेठाणी आणि मी, तिघांनाच ठाऊक. दोनेक वर्षांनी त्यातलं सोनं गेलं. कुलूप शाबूत, पत्र्यावर ओरखडा नाही. मग पोलीस माझ्याकडे नाही येणार तर कुणाकडे?

फौजदारांनी विचारलं, "मिस्त्री, कप्प्यात हात घातला होता का?"

"रंग वाळल्यावर माझं बोट आत लागलेलं नाही," मी ठासून सांगितलं. "सापडलं तर हात तोडा."

शेठच्या माडीवर भर दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. ठसे काढणाऱ्या साहेबांनी माझी बोटं शाईनं कागदावर उमटवून घेतली होती. आधी त्यांनी बॅटरी आडवी धरून पत्रा न्याहाळला. काही दिसेना. मला जरा धीर आला. मग त्यांनी पेटीतून जांभळ्या उजेडाचा दिवा काढला, डोळ्यांपुढे पिवळी काच धरली आणि फौजदारांना खुणेनं जवळ बोलावलं.

फौजदारांनी मला दंडाला धरून पुढे केलं. मी काचेतून बघितलं. कप्प्याच्या दारावर, आतल्या अंगाला, पाच बोटं पेटल्यासारखी चमकत होती.

हळद! त्या उजेडात ती अशी चमकते, हे मला काय ठाऊक? कपाट गिऱ्हाइकाच्या घरी पोचवलं की आत ओल्या हळदीचा पंजा उमटवायचा, ही आमच्या घरची रीत. हळद वाळून झडली, उरलेली कपाटाच्या पिवळट रंगात मिसळून गेली. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. आणि मी तरी त्याला हात लावणं कधी समजलो? देवाला नमस्कार केला तर कोण ध्यानात ठेवतं?

"काय मिस्त्री, कुठला तोडायचा? उजवा?" फौजदार म्हणाले.

"साहेब, कपाट आणलं त्या दिवशीची हळद आहे ती. वाटी शेठाणींनीच दिली होती. विचारा त्यांना."

"चोरीआधी पूजासुद्धा केली होय!" हवालदार हसला.

शेठाणींनी पदर ओढून घेतला. तोंड दुसरीकडे फिरवलं. बेड्या घालून द्वारकेच्या चौकातून नेतील, बायको शेडच्या दारात उभी असेल, एवढंच दिसत होतं.

साहेबांनी दिवा जरा तिरपा केला, भिंग लावलं. माझा शाईचा कागद जवळ घेतला. किती वेळ गेला देव जाणे. माझा घाम जमिनीवर टपकत होता.

"पंजा मिस्त्रींचाच," ते म्हणाले.

मी डोळे मिटले.

"पण या चमकत्या हळदीवर दुसऱ्या कुणाचा तरी काळा अंगठा उठलाय. नंतरचा आहे. घरातल्या सगळ्यांचे ठसे घ्यावे लागतील."

"माझ्या भावाला यात ओढू नका हो!" शेठाणी एकदम ओरडल्या.

भावाचं नाव तोवर कुणीच काढलं नव्हतं. शेठ बायकोकडे बघतच राहिले. हवालदारानं सतरंजी ओढली, उजेड आत आला.

"जा मिस्त्री," फौजदार हळूच म्हणाले.

निघायला गेलो, तर गुडघ्यांत जीवच नाही. पण ते यांना दाखवायचं? मांडी घालून तिथेच बसलो आणि म्हटलं, "इतका वेळ उभा केलाय. आता चहा घेऊनच जाईन."