पायथ्याकडचे डाग

एका बेटाच्या किनाऱ्यावरच्या अकरा खोल्यांच्या लॉजमध्ये चादरी धुणाऱ्या बाईला सगळे पाठीमागे ‘चौकशीबाई’ म्हणत. तोंडावर अर्थातच मावशी. ते नाव तिच्या कानावर आलं होतं, पण खरंच असल्यामुळे तिला त्याचा राग आला नाही. कुणी पाहुणा पुस्तक उघडं ठेवून गेला, तर उशी झटकता झटकता ती एक पान वाचायची आणि पुढं काय झालं, ते त्याला संध्याकाळी विचारायची.

तिचं माहेर बेटाच्या मधोमध, डोंगरात. लग्न करून ती खाली किनाऱ्यावर आली. नवरा गेल्यापासून लॉजच्या मागचं अंगण, दोन मशिनं, सिमेंटचा हौद आणि सहा दोऱ्या हा तिचा कारभार. दोरीवरच्या चादरी बाजूला सारल्या की समुद्र दिसायचा. बघायला तिला सवड मात्र नसायची.

एका हंगामात चादरींच्या पायथ्याकडे रक्ताचे डाग यायला लागले. लहानसे, तपकिरी. गार पाण्यात मीठ टाकून भिजवले की निघत, त्यामुळे तक्रारीचं कारण नव्हतं. पण आज चार नंबरच्या खोलीत, परवा सातमध्ये, मग पुन्हा चारमध्ये, आणि तेही नव्या पाहुण्यांच्या अंथरुणात. डास चावल्यावर खाजवून रक्त आलं, तर डाग कुठंही पडेल. हे नेमके टाचेपाशीच का? तिच्या डोक्याला भुंगा लागला.

प्रत्येक खोलीच्या दारामागे प्रवाशांसाठी छापील सूचना लावलेल्या होत्या. पासपोर्ट कुलपात ठेवा, बाटलीतलंच पाणी प्या, डासांचं मलम लावा, नारळाच्या झाडाखाली झोपू नका. तिनं त्या उभ्या उभ्या दोनदा वाचल्या. पायाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

मग तिनं पाहुण्यांनाच विचारायला सुरुवात केली.

“पायाला काय लागलं?”

“काही नाही हो, पाण्यात खरचटलं.”

“किती वाजता गेला होता पाण्यात?”

हा प्रश्न लोकांना विचित्र वाटे, पण ते सांगत. ती धुण्याच्या यादीच्या मागे खोलीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवी. आठवडाभरात उलगडा झाला: ज्यांचे पाय कापले, ते सगळे दुपारच्या जेवणानंतर गेलेले. ती कागद घेऊन मॅनेजरकडे गेली.

“दुपारचं कुणाला पाण्यात सोडू नका.”

“मावशी, समुद्र काय घड्याळ बघून चावतो?” मॅनेजर म्हणाला.

पुढच्या आठवड्यात सकाळी गेलेले पाहुणे लंगडत परत आले. मॅनेजर गालात हसला. खट्टू होण्याऐवजी ती आणखीनच चक्रावली.

तिचा धाकटा दीर प्रवाशांची होडी चालवायचा. रविवारी तो घरी आला, तेव्हा तिनं कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं वरून खाली बोट फिरवलं.

“वहिनी, हे तर तुम्ही ओहोटीचं वेळापत्रक लिहिलंय.”

“ओहोटी मला माहीत नाही होय?”

“माहीत आहे. पण ती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण-एक तास पुढं सरकते. गेल्या आठवड्यातली दुपारची आता रात्रीवर गेली आणि मध्यरात्रीची सरकत सकाळवर आलीय. भरतीला पाय खाली टेकतच नाहीत. ओहोटीला पाणी गुडघाभर आणि नितळ, म्हणून माणूस चालत सुटतो. खाली पोवळ्याचा खडक. सुरीसारखा.”

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी तो तिला रबरी बूट घालून पाण्यात घेऊन गेला. ती वाकून वाकून बघत होती: खडकांच्या धारा, फटीत बसलेले काळ्या काट्यांचे गोळे. मग तिनं मान वर केली.

“तो मधला पट्टा एवढा शांत कसा? दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत. पोहायला तिथं बरं.”

“तिथंच नको. आत आलेलं पाणी परत जातं, त्याची ती वाट आहे. माणसालाही ओढून नेते.”

“आणि सापडलं कुणी तर?”

“किनाऱ्याकडे यायला झगडायचं नाही, दमायला होतं. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं, ओढ संपेपर्यंत. जमत नसेल तर तरंगायचं आणि हात वर करायचा.”

हे दाराच्या कागदावर छापा, असं तिनं मॅनेजरला सांगितलं. या वेळी तो हसला नाही. “तो कागद वाचतंय कोण? नाश्त्याच्या वेळी तुम्हीच सांगा.”

पहिल्या दिवशी सुरुवात कुठून करावी, ते तिला कळेना. ओले हात पदराला पुसत ती उभी राहिली आणि सवयीनं प्रश्नच विचारून बसली: “आज पाण्यात कोण कोण जाणार?” हात वर झाले आणि पुढचं आपोआप जमलं. पाहुणे विसरून गेलेले रबरी बूट तिनं धुऊन, जोड्या लावून टोपलीत ठेवले होते. तरी एक तरुण अनवाणी गेलाच. त्याचा तळवा साबणानं धुताना, रुतलेले पोवळ्याचे कण काढताना आणि त्याला दवाखान्यात पाठवतानाही ती विचारत होती, पाय नेमका कुठं आणि कसा पडला.

महिन्याभरानं एक शिक्षक ओल्या कपड्यांनी थेट अंगणात आला. त्याची बायको मागे उभी होती.

“मावशी, त्या पट्ट्यात सापडलो. आधी मीही झगडलो. मग तुमचं बोलणं आठवलं.”

तिनं त्याला स्टुलावर बसवलं, टॉवेल दिला. जरा वेळानं न राहवून म्हणाली, “ओढ पायाला लागते की कमरेला?”

तो विचारात पडला. “कुठंच नाही. जोर जाणवतच नाही. फक्त किनारा लांब जातो.”

तिनं ते त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

“तुम्हाला येतं ना पोहायला?” त्याच्या बायकोनं विचारलं.

“छे. गुडघ्याच्या वर मी कधी भिजले नाही.”

ती बाई शाळेतल्या मुलांना पोहायला शिकवायची. त्यांचे अजून चार दिवस बाकी होते. दुसऱ्या दिवशी दिरानं होडीच्या धक्क्यापलीकडचा वाळूचा भाग दाखवला आणि स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. शिक्षकाच्या बायकोनं तिच्या पाठीखाली तळहात धरला.

“मान सैल सोडा. कान पाण्यात जाऊ द्या.”

कान पाण्यात गेले आणि ती धडपडत उभी राहिली.

“काय झालं, वहिनी?”

“खाली काहीतरी तडतडतंय. तव्यावर पाणी उडाल्यासारखं. काय असतं ते?”

दीर शिक्षकाच्या बायकोकडे बघायला लागला. तिलाही माहीत नव्हतं. मग त्यानं स्वतः वाकून एक कान पाण्यात घातला, आणि मावशी पुन्हा पाठीवर आडवी झाली.