सूज बोटांपुरती नव्हती

चादर अर्धी पिळून झाली होती. एक टोक तिच्या हातात, दुसरं मास्तरांच्या. जाड कपडे दोघांनी मिळून पिळायचे, ही लग्न झाल्यापासूनची रीत. त्या सकाळी मात्र मास्तरांनी आपलं टोक सोडून दिलं आणि ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच टेकले. डावा खांदा भरून आलाय, म्हणाले, दुखणं दंडात उतरतंय.

तिला नवल वाटलं नाही. मास्तरांचा संधिवात आता घरातलाच झाला होता, सकाळी त्यांच्याआधी उठायचा. बोटं सुजायची, शिवणकामाच्या कात्रीत अंगठा जायचा नाही. मग कात्रीची कडी चिंध्यांनी गुंडाळून ते तळव्याच्या जोरावर कापड कापायचे. तरी कोटाची कॉलर बसवावी तर मास्तरांनीच, असं गिऱ्हाइकं म्हणायची. सूज मुळातून दाबून ठेवायच्या गोळ्या डॉक्टरांनी कायमच्या दिल्या होत्या. मास्तर त्या शिलाईच्या हंगामात नेमाने घ्यायचे आणि काम ओसरलं की बंद करायचे. बोटांना सुट्टी, मग गोळ्यांना नको का, असं वर विचारायचे. तीही हसायची. सकाळची प्रार्थना चुकली तर दिवसभर रुखरुख लागणारी ही बाई, पण नवऱ्याच्या चुकलेल्या गोळीचं तिला कधी काही वाटलं नाही.

त्या दिवशीही तिने इस्त्रीवर फडकं गरम केलं आणि खांदा शेकत बसली. मास्तरांना दरदरून घाम आला, तो तिला शेकाचाच वाटला. मान कलली तेव्हा ती घाबरली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

हृदयाचा झटका, डॉक्टर म्हणाले. पण हृदयाची तक्रार तर कधीच नव्हती, ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं.

"सूज बोटांत दिसायची, पण ती अंगभर होती. हृदयाला रक्त नेणाऱ्या वाहिन्याही ती वर्षानुवर्षं आतून खराब करते. अशा सुजेच्या संधिवाताच्या माणसाला हा धोका इतरांहून जास्त असतो."

गोळ्या रोज घेतल्या असत्या तर, असं तिने विचारलं. धोका कमी झाला असता, पण वाचलेच असते असं सांगता येत नाही, ते म्हणाले. हे अर्धं उत्तर घेऊन ती घरी आली. देवासमोर बसली की तेच आठवायचं आणि प्रार्थनेचे शब्द पुढे सरकायचे नाहीत.

सोबतीला नणंद येऊन राहिली होती. मास्तरांची धाकटी बहीण, दुखणंही भावाचंच. दुपारी ती चहा प्यायला बसली ती कप दोन्ही तळव्यांत धरून. कपाच्या कानात बोट शिरत नव्हतं.

"वन्सं, तुमच्या गोळ्या कुठायत?"

"राहिल्या घरी. दादा गेला, आणि तुला माझ्या गोळ्या सुचतायत? माझी मेली बोटंच तर दुखतात, वहिनी."

"त्यांचीही बोटंच दुखायची."

नणंदेने कप खाली ठेवला. ती स्वतःच्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, वहिनी बरोबर येणार असेल तर ती डॉक्टरांना हृदयही दाखवून घेईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संना हृदयाच्या तपासणीला घेऊन जायचं होतं.