काहून सर आणि सुदानची काळी माती

अकोल्याच्या आमच्या शेतकी कॉलेजात मृदाशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक होते. कॉलेजच्या हजेरीपटावर त्यांचं काही एक भारदस्त नाव होतं, पण आमच्या तोंडी ते कायम 'काहून सर'. आमच्या वऱ्हाडात 'का' विचारायचं तर 'काहून' म्हणतात, आणि या शब्दावाचून सरांचं पान हलत नसे. तास इंग्रजीत चाले. मध्येच खडू थांबे, सर वर्गाकडे वळत, आणि "काहून?" असा प्रश्न कुणाच्या तरी बोडक्यावर येऊन पडे. उत्तर स्वतःला माहीत असलं तरी विचारायचे आणि माहीत नसलं तर दुप्पट आनंदानं विचारायचे. प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यांना बढती मिळाल्याची बातमी दिली, तेव्हाही त्यांच्या तोंडून "काहून?" असंच गेलं म्हणतात. ही गोष्ट प्रिन्सिपॉलसाहेबांच्या शिपायानं सांगितलेली असल्यामुळे मी ती खरी मानतो.

सरांची दुसरी खोड म्हणजे शेतात गेलं की वहाणा बांधावर काढून ठेवायच्या. आम्ही पातूर-बाळापूरकडची पोरं. जन्मभर अनवाणी शेतात राबून कॉलेजच्या निमित्तानं एकदाचे बूट मिळाले होते. ते काढायचे म्हणजे आमच्या जिवावर येई. सर ऐकत नसत. "माती पायाले समजते बाप्पा, बुटाले नाही समजत," असं म्हणत ते स्वतः घोट्यापर्यंत चिखलात उभे राहत आणि ओल कुठवर गेली आहे ते डोळे मिटून सांगत. मग खड्डा खणून आम्ही ते तपासत असू. बहुतेक वेळा बरोबर निघे. चुकलं तर सर भलतेच खूश होत, कारण मग पुन्हा 'काहून' विचारायला मोकळीक मिळे.

त्या काळी आमच्याकडे परदेशातली दोन-तीन मुलं शिकायला येत. त्यांची व्यवस्था बघणं हे कॉलेजात कुणालाच नको असलेलं काम होतं. परदेशी मुलगा आला की आधी पोलीस कचेरीत त्याची नोंद करायची, राहण्याचा परवाना काढायचा, दरवर्षी मुदत वाढवून घ्यायची. त्यानं दुसऱ्या जिल्ह्यात मुक्काम करायचा तर आधी पोलिसांना कळवून वर्दी द्यायची. मुलगा आजारी पडला, जेवला नाही, घरच्या आठवणीनं रडला, तर तेही त्याच माणसानं निस्तरायचं. प्राध्यापकांच्या बैठकीत हे काम कोण घेणार असं विचारलं तेव्हा सगळे खिडकीबाहेर बघू लागले. एकट्या सरांनी विचारलं, "कोण्या देशाचा पोरगा येऊन राहिला?" सुदान, असं उत्तर आलं. सर ताडकन उभे राहिले. सुदानात आपल्यासारखीच कापसाची काळी जमीन आहे हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, आणि ती पायाखाली घ्यावी हा त्यांचा जुना ध्यास होता. तिथला माणूस आयता चालून येत होता.

इद्रिस अकोला स्टेशनावर उतरला तेव्हा त्याला घ्यायला सर मला घेऊन गेले होते, कारण तो माझ्याच खोलीत राहायचा होता. उंच, शिडशिडीत, काळाभोर पोरगा. दोन रात्रींच्या प्रवासानं पार पिळवटून निघालेला. सरांनी त्याच्या हातातली पेटी घेतली आणि पहिलाच प्रश्न इंग्रजीत टाकला : "तुमच्या मातीत पावसाळ्यात पाय फसतो का?" नाव नाही, गाव नाही, प्रवास कसा झाला नाही. इद्रिस म्हणाला, "सर, पाय फसतो. कधीकधी गाढवही फसतं." सर असे हसले की हमालांनी वळून पाहिलं. टांग्यात बसेपर्यंत त्या दोघांचं बोलणं उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगांपर्यंत येऊन ठेपलं होतं.

पहिले काही दिवस इद्रिस खानावळीत नुसता बसून राही. भात चिवडायचा आणि उठायचा. सरांनी त्याला घरी नेलं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, त्याच्यापुढे ज्वारीची भाकर ठेवली. त्यानं घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. त्याच्या गावीही ज्वारीच खातात, फक्त पीठ आंबवून त्याची पातळ पोळी करतात, हे सरांनी त्याच्याकडून काढून घेतलं. काकू म्हणाल्या, "आधी त्याले जेवू द्या. मंग विचारा काय विचाराचं ते." पुढच्या आठवड्यात काकूंनी पीठ आंबवून पाहिलं. ते तव्याला असं चिकटलं की काढता काढता काकूंच्या तोंडून नाही नाही ते निघालं. इद्रिसनं तव्यावरचं खरवडून खाल्लं आणि 'अगदी आमच्यासारखं' म्हणून शपथेवर सांगितलं. तो खोटं बोलला हे काकूंना कळलं होतं. तेव्हापासून तो त्या घरचाच झाला.

मराठी तो आमच्या होस्टेलमध्ये शिकला, म्हणजे वऱ्हाडी शिकला. किताब, वक्त, दुनिया हे शब्द त्याच्या अरबीतले, आमच्याही तोंडात ते होतेच, त्यामुळे गाडी लवकर रुळावर आली. वर्षभरात तो "मले भूक लागून राहिली ना बे" असं सराईतपणे म्हणू लागला. पुण्याकडच्या एका पाहुण्या प्राध्यापकांना त्यानं "तुमी असे काहून बोलता?" असं विचारलं तेव्हा आमची हसून मुरकुंडी वळली.

दुसऱ्या वर्षीच्या पोळ्याला सर आम्हा दोघांना त्यांच्या गावी, अमरावतीजवळच्या वलगावला घेऊन गेले. आदल्या संध्याकाळी घरच्या बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळले गेले. मग सरांचे थोरले भाऊ बैलांपुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." इद्रिसला याचं नवल वाटलं. बैल घरचे, गोठा घरचा, पुरणपोळी त्यांच्याचसाठी, तरी आदल्या दिवशी आमंत्रण कशासाठी? त्यानं सरांना त्यांच्याच शब्दात विचारलं, "काहून?" सरांना गुदगुल्या झाल्या. थोडा विचार करून ते म्हणाले, "वर्षभर ज्याले न विचारता जुपते ना आमी, त्याले एक दिवस तरी विचारूनच बलवावं." इद्रिसनं दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं बैलाला पोळी भरवली. नदीला पूर आला, रस्ता बंद झाला, आणि दोन दिवसांचा मुक्काम आठवड्यावर गेला.

आता घोळ असा, की वलगावला निघताना सरांनी पोलीस कचेरीत वर्दी दिलीच नव्हती. वलगाव पडलं अमरावती जिल्ह्यात. एरवी सर असल्या कामात डोळ्यांत तेल घालून असत, पण पोळ्याला आपलं पोरगं आपल्या घरी न्यायचं, त्याची वर्दी कसली द्यायची, असं त्यांच्या मनातही आलं नाही. दुसरीकडे सरांचे थोरले भाऊ होते गावचे पोलीस पाटील. गावात परका माणूस मुक्कामी आला तर ठाण्यात कळवायचं हे त्यांचं काम. शिवाय आपल्या घरी थेट सुदानचा पाहुणा उतरल्याचा अभिमान पोटात मावत नव्हता. त्यांनी स्वतः ठाण्यात जाऊन छाती फुगवून कळवलं. धाकट्या भावानं घरचा म्हणून कळवलं नाही, थोरल्यानं घरचा म्हणूनच कळवलं.

दिवाळीनंतर इद्रिसची मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा ती अडकली. थोरल्या भावांनी दिलेली खबर अमरावतीहून अकोल्याच्या कचेरीत पोचली होती, आणि वर्दी न देता जिल्हा सोडून राहिल्याचा ठपका त्याच्यावर होता. मुदत वाढली नाही तर देश सोडावा लागणार, आणि वर्षाची परीक्षा तर पुढच्या उन्हाळ्यात. इद्रिसनं पेटी पलंगाखालून काढून उशाशी ठेवली. मी विचारलं तर म्हणाला, "बापानं उंट विकून पाठवलं मले. काय तोंड घेऊन जाऊ?" त्या दिवसांत तो अभ्यासाला बसे, पण पान उलटलेलं मी पाहिलं नाही.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांना बोलावून घेतलं. त्या वर्षी कापसाच्या जमिनी पाहण्यासाठी सरकारतर्फे परदेशात एक प्राध्यापक जायचा होता, आणि त्या दौऱ्यात सुदान होतं. सरांचं नाव वर गेलेलं होतं. साहेबांनी समजुतीनं सांगितलं, की मुलगा तुम्हाला न सांगता गेला असं लिहून द्या. ताकीद मिळाली तर मुलाला मिळेल, तुमचा दौरा तरी वाचेल. सर दारातच उभे होते. त्यांनी फक्त "काहून?" विचारलं आणि बाहेर पडले.

पोलीस कचेरीत आम्ही तिघे गेलो. अधिकारी पुण्याकडचे, सभ्य आणि काटेकोर. त्यांनी इद्रिसला बसायला सांगितलं आणि सरांना विचारलं, "प्राध्यापकमहाशय, आपण वर्षभराहून अधिक हे काम बघता. मग वर्दी का दिली नाहीत?" जन्मभर लोकांना जो प्रश्न विचारला तो असा उलटा येऊन आदळला. सर म्हणाले, "साहेब, घरचं पोरगं घरी नेलं. त्यात काय सांगाचं, असं वाटलं." मग राहवेना म्हणून त्यांनी विचारलंच, "पण हा नियम हाये काहून?"

मला वाटलं, आता संपलं. पण साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "त्या पुरात हा मुलगा वाहून गेला असता तर?" ते म्हणाले. "त्याच्या आईला कोण कळवणार? कुठं होता, कुणाकडं होता, मला माहीत नाही. त्याचा देश मला विचारील आणि मी काय सांगणार?" नवीन काही कळलं की सरांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा, तसा झाला. "असं हाये का!" ते म्हणाले. "म्हणजे हे आवतनच झालं. आपलाच असला तरी आदल्या दिवशी सांगाचं. पण साहेब, हे त्या कागदावर काहून नाही लिवलं?" साहेब हसू दाबत म्हणाले, "मी मुदतीची शिफारस करतो. पण चूक कुणाची, ते लिहून द्यावं लागेल." इद्रिस उठून म्हणाला, "माही चूक हाये साहेब." सर त्याच्यावर खेकसले, "तू बस खाली. माह्या घरी आलता, माही चूक." आणि त्यांनी तसं लिहून दिलं.

इद्रिसची मुदत वाढली. सरांच्या नावावर शेरा बसला आणि दौऱ्यावर दुसरेच प्राध्यापक गेले. ते परत आल्यावर सरांनी त्यांना गाठून विचारलं, "माती कशी होती?" ते म्हणाले, मोटारीतून पाहिली, छान होती. सर घरी येऊन काकूंना म्हणाले, "मोटारीतून माती पाहून आला म्हणते!" दौरा गेल्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही, त्यांना दुःख झालं ते एवढ्याचंच. मला मात्र त्या दौऱ्याचं आजही वाईट वाटतं.

इद्रिस पदवी घेऊन निघाला तेव्हा अकोला स्टेशनावर आम्ही सगळे होतो. काकूंनी भाकरी बांधून दिल्या. गाडीनं शिट्टी दिल्यावर सरांनी खिडकीतल्या इद्रिसपुढे हात जोडले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." फलाटावरचे लोक हसले. इद्रिस हसला नाही. त्यानंही हात जोडले, तेच शब्द सरांना म्हटले, आणि गाडी हलली.

काही वर्षांनी मी शेती खात्यात असताना मलाच कापसाच्या कामासाठी सुदानला धाडलं, तसं मी इद्रिसला पत्रानं कळवलं. सर तोवर निवृत्त होऊन अंथरुणाला खिळले होते. निरोप घ्यायला गेलो तर म्हणाले, "पाय फसते का पाह्य, अन् मले लिव." खार्टूममध्ये परदेशी माणूस म्हणून नोंद करायला मी पोलिसांच्या खिडकीपुढे उभा होतो, घाबरलेला, भाषा येत नाही. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. "घाबरून काहून राहिला बे? घरचा हाये म्हणून सांगतलं मी." इद्रिस माझ्या जागी कारकुनाशी बोलला, माझ्या वतीनं सहीही त्यानंच केली. मग मला त्याच्या गावी न्यायच्या आदल्या दिवशी तो पुन्हा त्याच खिडकीशी गेला. तिथं तसा नियम होता की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "सरांनी शिकवलं ना. आदल्या दिवशी सांगाचं."

गावी आदल्या रात्रीच पाऊस झाला होता. शेतात उतरलो आणि चार पावलांतच माझा पाय घोट्यापर्यंत गेला. ओढून काढला तर बूट आतच राहिला. इद्रिस पोट धरधरून हसला. "इथं सर पाह्यजे होते," मग तो म्हणाला. मी त्याच दिवशी सरांना सगळं लिहून पाठवलं, बुटासकट.

परत आलो तेव्हा सर गेलेले होते. काकू म्हणाल्या, तुझी चिठ्ठी आली तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं, मी वाचून दाखवली. पाय फसला हे ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि खूप वेळ नुसते हसत होते. मग मोठ्या कष्टानं त्यांनी तोंड उघडलं. काकूंना वाटलं, पाणी मागत असतील, म्हणून त्या वाकल्या.

"मातीत," सर म्हणाले, "बूट घालून काहून गेला तो?"